जुन्या मोटारीच्या तारा आणि त्या बांधणारे हात



या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला इतिहासावर बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा मी एखाद्या संपावर बोलेन अशी त्यांची समजूत असावी. गेली तीस वर्षे मी कामगार संघटनेचे काम करीत आलो आहे. तेव्हा ती समजूत चुकीची म्हणता येणार नाही. मी विषय कळविला तो ‘जुन्या मोटारींचे वायरिंग’. हा विषय इतिहासाचा की गॅरेजचा, असे चालकांपैकी एकाने हसत हसत विचारले. संपही येईल, असे आश्वासन देऊन मी परवानगी मिळविली आहे. तो कोठे येतो ते आपण पाहालच.

मुंबईत आणि पुण्यात जुन्या मोटारींच्या मिरवणुका निघतात. आपल्यापैकी अनेकांनी रस्त्याच्या कडेला उभे राहून त्या पाहिल्या असतील. पितळी दिवे लखलखत असतात, रबरी फुग्याचा भोंगा वाजत असतो, आणि मालक फेटा बांधून चक्रापाशी बसलेले असतात. गाडीपुढच्या फलकावर कंपनीचे नाव, साल, अश्वशक्ती, आणि गाडी मुळात कोणत्या संस्थानिकांच्या पागेत होती हे सारे लिहिलेले असते. डॅशबोर्डखाली वाकून मात्र कोणी पाहत नाही. वाकून पाहिलेच, तर तेथे सुती वेष्टणाच्या, निरनिराळ्या रंगांच्या तारांचा एक जुडगा दिसेल. तो जुडगा कोणी बांधला हे कोणत्याही फलकावर लिहिलेले नसते. आजचे माझे बोलणे त्या जुडग्याविषयी आहे.

प्रथम एक शब्द स्पष्ट करून घेऊ. कोणत्याही जुन्या गाडीला आपण सरसकट ‘व्हिंटेज’ म्हणतो. या शब्दाला काटेकोर अर्थ दिला तो इंग्लंडमधील एका क्लबाने. १९३४ साली तेथे व्हिंटेज स्पोर्ट्‌स-कार क्लब निघाला. १९३० नंतर मोटारी स्वस्त झाल्या पण त्यांच्या घडणीतले कसब उतरले, अशी त्या मंडळींची धारणा होती. म्हणून १ जानेवारी १९३१ पूर्वी बांधलेली गाडी तीच व्हिंटेज, असा दंडक त्यांनी घातला. ही तारीख श्रोत्यांनी कृपा करून ध्यानात ठेवावी. तिच्याशी आपल्याला पुढे काम पडणार आहे.

जुनी गाडी पुन्हा उभी करताना तिचे बहुतेक अवयव वाचविता येतात. पितळ घासून निघते, पत्र्याचा पोचा काढता येतो, लाकूड सांधता येते, इंजिनाचे सिलिंडर पुन्हा चरकावर धरता येतात. तारांचे तसे नाही. त्या काळच्या तारेत तांब्याच्या बारीक तारांवर रबराचे कवच असे, आणि रबरावर सुताची वीण. रबर कठीण करण्यासाठी त्यात गंधक मिसळीत. गंधक तांब्याला खाते, म्हणून तांब्यावर आधी कथलाची कल्हई करीत. जुनी तार सोलली म्हणजे आत ती रुपेरी दिसते ती यामुळे. कल्हईने तांबे वाचले, पण रबराला कोणी वाचवू शकले नाही. इंजिनाची आच, तेलाचा ओघळ आणि नुसती हवा, यांनी चाळीस-पन्नास वर्षांत रबर इतके ठिसूळ होते की तार वाकविताच कवच भुग्यासारखे गळून पडते. वरची सुती वीण शाबूत दिसते, म्हणून मालकाला वाटते की वायरिंग ठीक आहे. त्या भरवशावर बॅटरी जोडली की धूर निघतो. जुन्या गाड्या जळण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

याचा परिणाम असा की पुनरुज्जीवनात वायरिंग जवळजवळ नेहमी नवे करावे लागते, आणि जुने उकिरड्यावर जाते. गाडीच्या इतर अवयवांवर ते घडविणाऱ्या हातांच्या खुणा उरतात, येथे त्या खुणाच निघून जातात. म्हणून तारांचा इतिहास थोडा सविस्तर सांगतो.

मोटारीत वीज प्रथम आली ती ठिणगीसाठी. कार्ल बेन्झने २९ जानेवारी १८८६ रोजी आपल्या तीनचाकी गाडीचे पेटंट मागितले, त्या गाडीत पेट्रोलचा भडका उडविण्यासाठी बॅटरी आणि थरथरणारे कॉइल होते. तारा म्हणाल तर बोटांवर मोजण्याइतक्या. १८८८ च्या ऑगस्टात त्याची पत्नी बेर्टा दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, मानहाइमहून फोर्झहाइमला ती गाडी घेऊन गेली. वाटेत एका तारेचे आवरण झिजले तेव्हा तिने आपल्या मोज्याचा बंद काढून तेथे लावला, असे सांगतात. मोटारीच्या तारेची रस्त्यावर झालेली ही पहिली नोंदलेली दुरुस्ती म्हणायला हरकत नाही, आणि ती एका बाईने केली.

बॅटरी वाटेत संपून जाई, आणि ती पुन्हा भरायची कोठे हा प्रश्न असे. स्टुटगार्टच्या रोबेर्ट बॉशने त्याला तोड काढली. इंजिन फिरले की स्वतःच वीज निर्माण करणारा मॅग्नेटो त्याने १८९७ साली मोटारच्या तीनचाकीवर बसविला, आणि १९०२ साली त्याचा सहकारी गोटलोब होनोल्ड याने उच्च दाबाचा मॅग्नेटो तयार केला. मग साऱ्या जगाच्या मोटारींत बॉशची ठिणगी उडू लागली. या बॉशने १९०६ साली आपल्या कारखान्यात आठ तासांचा दिवस लागू केला हे मी त्याच्या बाजूने नमूद करतो. त्याच्याच कारखान्यात १९१३ साली मोठा संप झाला, हेही सांगितले पाहिजे. चांगला मालक आणि संप यांत विरोध आहे अशी कित्येकांची कल्पना असते. माझा तरी तसा अनुभव नाही.

ठिणगीचा प्रश्न सुटला तरी दिवे विजेचे नव्हते. पितळी दिव्यांत कार्बाइडच्या खड्यांवर पाण्याचे थेंब पडत आणि ॲसिटिलीन वायू तयार होई. आपल्या जत्रांतील फेरीवाल्यांच्या कार्बाइडच्या बत्त्या ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना त्या उग्र वासाचे वर्णन करण्याची गरज नाही. दिवस मावळला की गाडी थांबवायची, खाली उतरायचे, आणि वाऱ्याला आडोसा करून काडी ओढायची.

इंजिन सुरू करायचे ते पुढून हँडल मारून. हे काम ताकदीचे होते, पण त्याहून अधिक धोक्याचे होते. ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलटे फिरून हँडल मागे झटका देई, आणि मनगट किंवा हाताचे हाड मोडे. म्हणून जुने ड्रायव्हर नव्या पोराला पहिला धडा देत तो हा, की हँडल धरताना अंगठा चार बोटांच्याच बाजूला ठेव, मुठीसारखा वळवू नको. म्हणजे झटका आला तरी हँडल हातातून सुटून जाते. हँडल मारणारा बहुधा पगारी ड्रायव्हर किंवा क्लीनर असे, मालक नव्हे. मोडलेल्या मनगटांची गणती कोणी ठेवली नाही.

१९१२ च्या कॅडिलॅक गाडीत हे बदलले. चार्ल्स केटरिंग हा अमेरिकन अभियंता पूर्वी दुकानांतील गल्ल्याची यंत्रे बनविणाऱ्या कंपनीत होता. गल्ल्याचा खण विजेने उघडावा म्हणून त्याने एक लहान मोटर तयार केली होती. तिच्यापासून त्याने एक साधी गोष्ट हेरली होती. जी मोटर क्षणभरच चालायची आहे, तिच्यावर तिच्या आकाराच्या मानाने पुष्कळ अधिक भार टाकता येतो. तापून जळण्यापूर्वी तिचे काम संपलेले असते. याच तत्त्वावर त्याने ‘सेल्फ’ बनविला. डेटन शहरातील त्याच्या डेल्को कंपनीने सेल्फ, दिवे आणि ठिणगी ही तिन्ही कामे एकाच बॅटरीवर आणि एकाच डायनामोवर बसविली. आपल्या बोलीत ‘सेल्फ मारणे’ हा जो प्रयोग रूढ झाला आहे त्याचे मूळ येथे आहे. हेन्री फोर्डने मात्र घाई केली नाही. १९०८ पासून निघालेल्या त्याच्या टी मॉडेलला विजेचा सेल्फ मिळाला तो १९१९ साली, आणि तोही आरंभी बंद टपाच्या गाड्यांना. स्वस्त गाडीवाल्याचे मनगट आणखी काही वर्षे मोडत राहिले.

तारांची संख्या वाढली ती येथपासून. डायनामोतून बॅटरीकडे, बॅटरीतून सेल्फकडे, बटणांकडे, दिव्यांकडे, भोंग्याकडे. तारा निम्म्याने वाचल्या त्या एका युक्तीमुळे. वीज जाण्यासाठी तार घालायची, परत येण्यासाठी गाडीचा लोखंडी सांगाडाच वापरायचा. यालाच आपले वायरमन अर्थिंग म्हणतात. पण उरलेल्या तारांचाही गुंता होऊ लागला, म्हणून त्या एकत्र बांधून त्यांवर सुताची वीण घालण्याची पद्धत आली. इंग्रज कारागीर या जुडग्याला ‘लूम’ म्हणतात. आपल्याकडे इचलकरंजीला किंवा मालेगावला लूम म्हटले की माणसाला माग आठवेल. अर्थात हा शब्द काही अगदीच परका नाही. वीण घालणारे यंत्र पाहिले तर गोफ आठवतो. मध्ये तारांचा खांब, आणि भोवती सुताच्या कांड्या एकमेकींना आत-बाहेर ओलांडीत फिरतात. आपल्या पोरी गोफ विणतात अगदी तसेच.

यंत्राने होते ते एवढेच. जुडगा बांधण्याआधी प्रत्येक तार मापाने कापणे, टोक सोलणे, त्यावर डाख देऊन टोपण बसविणे, आणि आराखडा काढलेल्या फळीवर खुंट्यांच्या आधाराने ती योग्य वळणाने बसविणे, हे सारे हाताने करावे लागे. आजही ते बहुतांशी हातानेच होते. गाडीचा पत्रा यंत्रमानव सांधू लागला, पण तारांचा जुडगा वळविण्याचे काम त्याच्या बोटांना अद्याप नीट साधलेले नाही. पुण्याजवळ चाकणच्या पट्ट्यात असे जुडगे बांधणारे कारखाने आहेत. तेथील फळ्यांपुढे उभ्या राहणाऱ्यांत आपल्या खेड्यांतून आलेल्या मुली पुष्कळ आहेत.

आता बर्मिंगहॅमला जाऊ. इंग्रजी गाड्यांच्या विजेच्या सामानावर जे नाव आपण वाचतो ते लुकास. मूळ पुरुष जोसेफ लुकास, जन्म १८३४, हा त्या शहराच्या हॉक्ली भागात रस्तोरस्ती रॉकेल विकणारा माणूस. रॉकेलवरून दिव्यांकडे, जहाजाच्या दिव्यांवरून सायकलीच्या दिव्यांकडे, आणि पुढे मोटारीकडे असा त्याच्या घराण्याचा प्रवास झाला. तो स्वतः १९०२ साली वारला. १९१४ मध्ये मॉरिस गाड्यांना विजेचे सामान पुरविण्याचा करार मिळाला, आणि १९२० नंतरच्या दशकात प्रतिस्पर्धी कंपन्या विकत घेऊन लुकास इंग्लंडातील मोटारींच्या विजेची जवळजवळ मक्तेदार झाली. ग्रेट किंग स्ट्रीटवरील तिच्या कारखान्यात हजारो माणसे कामाला होती, आणि हलक्या, नाजूक, पुनःपुन्हा करायच्या कामांवर प्रामुख्याने स्त्रिया होत्या. त्यांचे वेतन पुरुषांपेक्षा कमी. इंजिनियरिंग कामगारांची मोठी युनियन त्यांना सभासदच करून घेत नसे. स्त्रियांना तिने दार उघडले ते १९४३ साली, महायुद्ध ऐन भरात असताना. आमच्या चळवळीच्या इतिहासातले हे पान अभिमानाने वाचण्यासारखे नाही.

या कारखान्यात व्यवस्थापनाने बेदो पद्धत आणण्याचे ठरविले. शार्ल बेदो हा फ्रान्समध्ये जन्मलेला, अमेरिकेत नशीब काढलेला गृहस्थ. मानवी श्रमाचे माप त्याने शोधल्याचा त्याचा दावा होता. एका मिनिटात सर्वसाधारण कामगाराने करावयाचे काम, त्यातच विश्रांतीचा अंश धरून, म्हणजे एक ‘बी’. तासाला साठ ‘बी’ हे प्रमाण. स्टॉपवॉच घेतलेला माणूस बाकाशेजारी उभा राही आणि हाताच्या हालचाली मोजी. आकड्यांत उतरले की सारे शास्त्रशुद्ध दिसते. पण विश्रांतीचा अंश किती धरायचा हे ठरविणारा माणूस ज्याच्या पगारावर असतो त्याच्याकडे ते शास्त्र झुकते, हे ज्याने कधी पीस-रेटच्या वाटाघाटी केल्या आहेत त्याला सांगावे लागत नाही.

जेसी ईडन ही तेथे शॉक-ॲब्सॉर्बर भरण्याच्या कामावर होती. पुढे ती जेसी मॅककुलक या नावाने ओळखली गेली. जन्म १९०२. ही १९२६ च्या सार्वत्रिक संपातही आपल्या खात्यातील बायकांना घेऊन बाहेर पडलेली. तिचा हात जलद चाले. एके दिवशी तिच्या ध्यानात आले की आपल्यावर घड्याळ लावले जात आहे, आणि आपला वेग हाच साऱ्या मुलींचा वेग ठरविला जाणार आहे. म्हणजे जिचे कसब अधिक तिच्याच कसबाचा चाबूक करून तो शेजारणीच्या पाठीवर ओढायचा. जिने स्वतः काही अधिक पैसे मिळवून गप्प राहावे अशी सोय होती, तिने गप्प राहण्याचे नाकारले. इंजिनियरिंग युनियनने दार लावलेले, म्हणून ती वाहतूक आणि सर्वसाधारण कामगारांच्या युनियनकडे गेली. आणि सुमारे दहा हजार स्त्रिया, ज्यांतल्या बहुतेक कोणत्याच संघटनेच्या सभासद नव्हत्या, काम सोडून रस्त्यावर आल्या. आठवडाभर संप चालला. बेदो पद्धत मागे घ्यावी लागली.

हा संप झाला जानेवारी १९३१ मध्ये.

मघाशी ध्यानात ठेवा म्हणालो ती तारीख आता आठवावी. ज्या महिन्यापासून क्लबवाल्यांच्या मते गाड्यांच्या घडणीतले कसब संपले, नेमक्या त्याच महिन्यात, त्या गाड्यांचे विजेचे सामान घडविणाऱ्या कारखान्यातील स्त्रिया आपले कसब घड्याळाला विकण्यास नकार देऊन बाहेर पडल्या होत्या. क्लबवाल्यांनी ती तारीख निवडली तेव्हा त्यांच्या मनात हा संप नव्हता, हे उघड आहे. कॅलेंडरचा हा योगायोग आहे. मला एवढेच म्हणायचे आहे, की कसब का उतरले याचे उत्तर शोधणाऱ्याने गाडीचा पत्रा ठोकून पाहण्याबरोबर त्या बाकाशेजारच्या घड्याळाकडेही पाहावे.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. जेसीची नोकरी काही काळाने गेली. मॉस्कोच्या भुयारी रेल्वेच्या बांधकामावर तिने काही काळ काम केले. परत येऊन १९३९ साली बर्मिंगहॅमच्या भाडेकरूंच्या प्रचंड भाडेबंदीत ती पुढे होती. १९८६ साली ती वारली. अलीकडे एका लोकप्रिय ब्रिटिश मालिकेत तिच्या नावाचे एक पात्र आले आहे. त्यातल्या प्रेमकथेच्या गर्दीत स्टॉपवॉच कोठे राहिले ते मला सापडले नाही. आणि बेदो? १९३७ साली इंग्लंडच्या राज्यत्याग केलेल्या राजाचे लग्न त्याच्या फ्रान्समधील वाड्यात लागले. महायुद्धात शत्रूशी संधान बांधल्याच्या आरोपावरून अमेरिकनांनी त्याला पकडले, आणि १९४४ च्या फेब्रुवारीत मायामी येथे कैदेत असताना त्याने आत्महत्या केली.

आपल्याकडे या गाड्या आल्या त्या साऱ्याच काही बांधून तयार होऊन आल्या नाहीत. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला, तो १९५४ पर्यंत चालला. सुटे भाग पेट्यांतून यायचे आणि मुंबईचे कामगार ते जोडायचे. मिरवणुकीत एखादी १९२९ ची शेवरोले दिसली, तर तिच्या तारा अमेरिकेत बांधलेल्या असतील, पण सांगाड्यावर त्या चढविणारा हात लालबाग-परळच्या चाळीत राहणाऱ्याचा असू शकतो. फलकावर हे लिहावयास मालकांची काही हरकत नसावी.

आता आजच्या कामाकडे वळतो. माझ्या परिचयाचे एक मिस्त्री आहेत. सार्वजनिक वाहतुकीच्या एका कार्यशाळेत वायरमन म्हणून नोकरी करून ते निवृत्त झाले, आणि आता जुन्या गाड्यांचे वायरिंग करतात. मध्यंतरी बर्मिंगहॅमकडची, १९२९ सालची एक लहान गाडी त्यांच्याकडे आली. सामान लुकासचे, वीज सहा व्होल्टची. सुटीच्या दिवशी त्यांच्याजवळ बसून मी हे काम पाहिले आहे.

त्यांचा पहिला नियम, जुनी तार तोडण्यापूर्वी वही काढायची. कोणती तार कोठून निघाली, कोठे गेली, रंग कोणता, आत काड्या किती. लुकासच्या रंगांची एक भाषा होती, पुढे ती इंग्रजी गाड्यांत सर्वत्र रूढ झाली. तपकिरी म्हणजे बॅटरीचा मुख्य प्रवाह, पांढरा ठिणगीकडे जाणारा, निळा पुढच्या मोठ्या दिव्यांचा, तांबडा बाजूच्या व मागच्या दिव्यांचा, काळा अर्थिंगचा. रंग उडून सारेच मातकट झाले असले, तरी क्लिपखाली झाकलेला अंगुळभर तुकडा मूळ रंग सांगतो. मिस्त्री तो तुकडा शोधण्यासाठी अर्धा दिवस घालवितात.

दुसरी गोष्ट जाडीची. दिवा छत्तीस वॉटचा असेल तर बारा व्होल्टच्या गाडीत तो तीन अँपियर ओढतो, सहा व्होल्टच्या गाडीत सहा. समजा तारेत आणि सांध्यांत मिळून ओहमचा दहावा भाग अडथळा आहे. बारा व्होल्टांच्या गाडीत व्होल्टाचे तीन दशांश वाया जातील, शेकडा अडीच. सहा व्होल्टांच्या गाडीत सहा दशांश जातील, म्हणजे शेकडा दहा. आणि दाब शेकडा दहाने उतरला की दिव्याचा उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी उतरतो. तीच तार, तोच अडथळा, आणि एका गाडीचा दिवा लख्ख तर दुसरीचा मिणमिणता. जुन्या गाड्यांचे दिवे मुळातच निकामी होते असे जे म्हणतात, त्यांनी बहुधा आधुनिक बारीक तार घातलेली गाडी पाहिलेली असते. मूळ कारखान्याने हलक्या कामाला चौदा काड्यांची, दिव्यांना अठ्ठावीस आणि डायनामोला चव्वेचाळीस काड्यांची तार घातली होती ती उगाच नव्हे.

तिसरी गोष्ट रंगाची, आणि येथे मालक लोक हटकून फसतात. सांगाडा सोलून त्यावर आरशासारखा रंग चढवितात. मग दिवे लावले तर लागत नाहीत. वीज परत यायची वाट सांगाड्यातून, आणि प्रत्येक सांध्यावर रंगाचा थर बसलेला! गाडी गंजकी होती तोवर दिवा लागत होता, नवी झाली आणि विझला. प्रत्येक सांध्याखाली नाण्याएवढी जागा खरवडून उघडे लोखंड काढावे लागते, आणि ते करताना रंगवाल्याची बोलणी खावी लागतात.

डाख राळेच्या कथलाने द्यायचा, ॲसिडने कधीही नाही. ॲसिड आत राहून तांबे खाते. पत्र्याच्या भोकातून तार जाते तेथे रबरी कडे हवेच. मूळ गाडीत फ्यूज एक-दोनच असत, पुष्कळ तारांना मुळीच नसत. येथे वाद उभा राहतो. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने २०१२ साली तुरिनची सनद म्हणून एक दस्तऐवज संमत केला आहे. जुने जितके राखता येईल तितके राखावे, आणि केलेला बदल ओळखू यावा व नोंदला जावा, असा त्याचा रोख आहे. यावर काही कडवे मालक म्हणतात की मुळात फ्यूज नव्हता तर आताही नको. मला हे पटत नाही. मूळ गाडीत जो फ्यूज नव्हता त्याची किंमत कोणाच्या तरी भाजलेल्या हातांनी दिलेली आहे, आणि ती उणीव जपून ठेवण्याजोगी परंपरा नव्हे. मिस्त्रींनी बॅटरीजवळ आसनाखाली एक फ्यूज आणि एक तोडबटण बसविले, वहीत नोंद केली, आणि वरून सुती वीण असलेली पण आत आधुनिक कवचाची तार घातली. शेवटी बॅटरी थेट न जोडता मध्ये एक दिवा घालून जोडली. सारी बटणे बंद असता तो दिवा लागला, तर समजावे की कोठे तरी वीज गळते आहे. तो लागला नाही.

अकरा दिवस काम चालले. त्या मालकाने दिव्यांच्या मुलाम्याचे बिल एका शब्दाने न बोलता दिले होते. वायरिंगच्या बिलावर तो पाऊण तास घासाघीस करीत होता. दिसत नाही त्या कामाला दाम कमी, हा नियम बर्मिंगहॅमपासून आपल्या गावापर्यंत सारखाच लागू आहे. मी मध्ये पडलो, आणि बिल पुरे मिळाले. एवढा उपयोग माझ्या धंद्याचा झाला.

जुना जुडगा सोडविताना मिस्त्रींनी मला एक गोष्ट दाखविली. दिव्यांकडे फांदी फुटते तेथे तारांवर मेणाच्या दोऱ्याचे वेढे होते, आणि ते सारे उलट्या दिशेने घेतलेले होते. आपण उजव्या हाताने दोरा गुंडाळतो तसे नव्हे. “साहेब, ही बाई डावखुरी असणार,” मिस्त्री म्हणाले. बाईच होती असे तुम्ही कसे म्हणता, असे मी विचारले. त्यांनी दोन वेढ्यांमधली जागा दाखविली. माझे बोट तेथे मावत नव्हते.

मालक तो जुडगा टाकून द्या म्हणत होता. मिस्त्रींनी तो एका पोत्यात गुंडाळून गाडीच्या मागच्या आसनाखाली ठेवला आहे. त्यावर पत्र्याची चिठ्ठी बांधली आहे, तिच्यावर खिळ्याने गाडीचे साल, सहा व्होल्ट, तारांची संख्या आणि खाली ‘डावखुरा हात’ असे कोरले आहे.